डोंगरावरच्या घराचे आठ हिस्से

आमच्याकडे वर्षाला ईद दोन. पण घर खऱ्या अर्थानं भरतं ते तिसऱ्याच हंगामात. आखाती देशांतल्या शाळांना जून संपता संपता सुट्टी लागते आणि ती ऑगस्टअखेरपर्यंत चालते. त्या दिवसांत कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात जाऊन बघा. वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलपं निघालेली असतात, उंबऱ्याबाहेर नव्या चपलांचा ढीग असतो आणि मशिदीत जुम्म्याला एक सफ जास्त लागते. साखरपुडा, सुंता, जमिनीची मोजणी, दाढेचं दुखणं, पासपोर्टची मुदत, सगळं त्या पाच-सहा आठवड्यांत उरकायचं असतं. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं. त्यामुळे माणूस आल्या दिवसापासून त्याच्या जाण्याचेच दिवस मोजले जातात.

आमचं घर खाडीकाठी नाही, डोंगरावर आहे. माथेरानला. अब्बा मूळचे खेडकडचे. १९४८ साली, चौदाव्या वर्षी, एका दूरच्या चाचांच्या मागोमाग ते वर आले आणि दुसऱ्याच्या घोड्याचे मोतद्दार झाले. खरारा करायचा, तोबरा बांधायचा, खोगीर कसायचं आणि शेठ लोकांच्या मुलांना घोड्यावर बसवून पॅनोरमापासून लुईझापर्यंत लगाम धरून चालायचं. पुढे स्वतःचे दोन घोडे झाले, मग चार. माथेरानात मोटारगाडीला बंदी, ती आजही आहे. गाड्या दस्तुरीला थांबतात आणि तिथून पुढचे अडीच-तीन किलोमीटर सगळं माणसाच्या डोक्यावर, हातगाडीवर नाहीतर घोड्याच्या पाठीवर जायचं. गॅसचे सिलिंडर, सिमेंटच्या गोण्या, विटा. पर्यटक फक्त स्वारीचे घोडे बघतात. गावाचं पोट ओझ्याच्या घोड्यांवर चालत आलंय.

जाता जाता एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. नेरळ-माथेरान ही डोंगर चढणारी छोटी गाडी बांधली ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. पैसा त्यांच्या वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. दोन फूट रुंदीचा रूळ, वीसेक किलोमीटरचा मार्ग. अब्बांना लिहिता-वाचता बेताचंच येई, पण गाडीची शिट्टी ऐकली की ते हटकून म्हणत, ‘‘एका बोहऱ्यानं डोंगराला पायरी लावली.’’

तर २०२४ च्या जुलैत आम्ही सगळे वर जमलो. पाच भावंडं एकाच वेळी घरात, असं अब्बांच्या मयतीनंतर पहिल्यांदाच. अब्बा २००९ साली गेले. थोरली आपा विधवा होऊन १९९८ साली माहेरी आली, ती अम्मीजवळच राहते. तिच्या पाठचा भाई कुवेतला. मग मी, पनवेलला गणित शिकवून निवृत्त झालेली. माझ्या पाठचा दोहाला आणि शेंडेफळ महाडला दिलेली. त्यांची बायकामुलं, भाईचे दोन नातू, अशी एकूण एकोणीस माणसं तीन खोल्यांत आणि पडवीत.

माथेरानचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. पावसाळ्यात नेरळवरून चढणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते बाजार एवढी शटल चालते. बरीचशी हॉटेलं दारं लावून घेतात. घरांना मेच्या अखेरीलाच बाहेरून ताडपत्री आणि झापं बांधलेली असतात, नाहीतर भिंती पाणी पितात. ढग दारातून आत येतो आणि मागच्या दारानं जातो. मीठ पाणी सोडतं, आगपेटी ओली होते, गाद्यांना वास येतो. कपडे वाळत नाहीत. शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची टोपली उपडी टाकायची आणि तिच्यावर एकेक कपडा फिरवायचा. दोहाच्या मुलांना ही टोपली फार आवडली. त्यांच्याकडे पन्नास अंशांच्या आसपास जाणारा उन्हाळा, कपडा दहा मिनिटांत पापडासारखा होतो. इथं एक मोजा वाळवायला अर्धा तास. आठ वर्षांचा पुतण्या दिवसभर आपाच्या शेजारी बसून सगळ्यांचे मोजे फिरवत होता आणि कुणाचा कुठला हे चुकू देत नव्हता.

खालच्या वाड्यांतल्या ठाकर-कातकरी बाया पायवाटेनं भाजी घेऊन वर येत. कुर्डू, टाकळा, करटुली. अम्मी त्यांना नावानिशी ओळखते. एकीच्या सासूपासून ती भाजी घेत आलीय. घासाघीस करते, आणि मग चहाबरोबर भाकरीही देते. सुका जवळा, तांदळाची भाकरी आणि करटुलीची भाजी. भाईनं पहिल्या रात्री एवढं खाल्लं की भाभी म्हणाल्या, ‘‘तिकडे मी वाढते ते काय मग?’’ सगळे हसले. पहिला आठवडा असाच गेला. मुलांनी शेकरू पाहिलं, माकडानं एकाची चिक्की पळवली, शार्लोट तळ्याच्या वाटेवर पोरं लाल चिखलात घसरली आणि नव्या बुटांचा रंग कायमचा बदलला.

अम्मीला त्या वर्षी भाईच्या जाण्याची जरा जास्तच धास्ती होती. १२ जूनला कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले. टीव्हीवर ओळीनं मांडलेल्या शवपेट्या अम्मीनं पाहिल्या होत्या. भाई त्या इमारतीपासून लांब राहतो, साध्या का होईना पण स्वतंत्र घरात राहतो, हे तिला दहा वेळा सांगून झालं. ती ऐकून घेई आणि म्हणे, ‘‘त्या पोरांच्या आयांनाबी असंच सांगितलं असंल.’’

तिच्या या भीतीला मूळ आहे. भाई १९८४ साली तेविसाव्या वर्षी गेला. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा दोन महिने त्याची काही खबर नव्हती. अब्बा रोज पोस्टात जाऊन रिकाम्या हातानं परत येत आणि घोड्याला दाणा घालायला विसरत. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना, बहुतेकांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे, विमानांनी परत आणलं गेलं. त्यांत आमचा भाई एक. दस्तुरीवरून तो चालत आला, हातात एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात एक लुंगी आणि कंपनीचं ओळखपत्र. सहा वर्षांची कमाई तिकडेच राहिली. १९९२ मध्ये तो परत गेला, कारण मागे आम्ही होतो. माझं बी.एड., धाकट्याचं आयटीआय, दोन बहिणींची लग्नं आणि १९९६ साली या घराच्या मागच्या दोन खोल्या, सगळं त्याच्या पैशातून झालं. हे मी आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचताना कुणी भाईला खलनायक समजू नये.

दुसऱ्या आठवड्यात, रविवारी, जेवणं झाल्यावर भाईनं बॅगेतून कागद काढला. हक्कसोडपत्र. खालच्या एका वकिलाकडून करून आणलेलं. आम्ही तिघी बहिणी आणि अम्मी, आमचा या घरातला हक्क खुशीनं, काहीही मोबदला न घेता, दोघा भावांच्या नावे सोडतो. मंगळवारी सगळ्यांनी कर्जतला उतरायचं, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत सह्या आणि अंगठे करायचे, गाडी सांगून ठेवलीय. सतरा तारखेचं त्याचं विमान. त्याचा हेतू काही वाईट नव्हता. घराच्या कागदांवर पंधरा वर्षांनंतरही अब्बांचंच नाव. दुरुस्ती करायची, पुढे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या, तर मालक कोण हे ठरायला हवं. आणि तो त्रेसष्टचा झाला. त्याला परत येऊन इथं राहायचंय. ‘‘घर कुठं जातंय? तुम्ही या, राहा. आपाला कोण जा म्हणतंय?’’ तो म्हणाला.

धाकटी लगेच म्हणाली, ‘‘मला काही नको. माझं माहेर राहू दे म्हणजे झालं.’’ आपा काही बोलली नाही. ती टोपलीवरचा कपडा फिरवत राहिली.

या ‘माझं माहेर राहू दे’वर मला थोडं बोलायचंय. आपल्या समाजात शरियतवर किती चर्चा झाली! १९८५ चा शहाबानो खटला, २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा तीन तलाकवरचा निकाल, २०१९ चा कायदा. परिषदा, मोर्चे, वर्तमानपत्रांचे रकाने. पण बहिणीच्या वाट्यावर मी जुम्म्याच्या बयानात क्वचितच काही ऐकलं. कुराणात नमाजाचा तपशील, रकाती किती नि कशा, हा सांगितलेला नाही; वारशाचे हिस्से मात्र सूरे निसामध्ये अपूर्णांकांसह सांगितलेत. १९३७ चा शरियत कायदा झाला त्यामागे एक मोठं कारण हेच होतं, की अनेक मुस्लिम जमाती रूढीच्या नावाखाली मुलींना वारसाच देत नव्हत्या. आणि त्या कायद्यातूनही शेतजमीन वगळली गेली, हेही लक्षात ठेवण्यासारखं. पुस्तकात हक्क आहे, कायद्यात हक्क आहे, आणि दर वर्षी जुलै-ऑगस्टात निबंधक कचेरीच्या बाकावर बुरख्यातल्या बहिणी बसलेल्या असतात, खुशीनं हक्क सोडायला. ही खुशी कुठून येते ते प्रत्येक बहिणीला माहीत आहे. बाळंतपण, नवऱ्याशी भांडण, आजारपण, जावं कुठं? भावाच्या दारात. ते दार उघडं राहावं म्हणून ती अंगठा देते. हा विम्याचा हप्ता आहे, त्याला देणगी म्हणू नये.

मी म्हटलं, ‘‘भाई, सही करायची की नाही ते नंतर. आधी कुणाचं किती ते तर काढू.’’ आणि सवयीनं वहीचं मागचं पान घेतलं. अब्बांचे आईवडील आधीच गेलेले. बायको आणि मुलं मागे, म्हणून बायकोला एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशांत मुलाला दोन तर मुलीला एक. दोन भाऊ म्हणजे चार भाग, तीन बहिणी म्हणजे तीन, बेरीज सात. म्हणजे घराचे बरोबर आठ हिस्से. अम्मीचा एक, भावांचे दोन-दोन, आम्हा प्रत्येकीचा एक. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकं नि:शेष उत्तर क्वचित येतं. भाईचा मोठा मुलगा वाकून बघत होता. तो म्हणाला, ‘‘फुफी, इट्स सो क्लीन!’’ भाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून पडवीत गेला.

‘‘मागच्या दोन खोल्या कुणी बांधल्या?’’ भाईनं विचारलं. ‘‘पत्रे कुणी बदलले? अब्बांच्या दवाखान्याचं बिल?’’

हा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तरही शरियतमध्येच आहे. मयताच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग त्याच्यावरचं कर्ज, मग वसीयत, तीही एक तृतीयांशापर्यंत, आणि उरेल ते वारसांचं. मी म्हटलं, ‘‘तू अब्बांना ते पैसे कर्ज म्हणून दिले असशील तर आपण आधी तुझं कर्ज फेडू. मी माझ्या वाट्यातून फेडीन. आकडा सांग.’’

भाईचा चेहरा उतरला. ‘‘अब्बांना मी कर्ज देईन?’’ एवढंच म्हणाला आणि कानाला हात लावून उठला. बाहेर पाऊस एवढा होता की पत्र्यावर बोललेलं ऐकू येत नव्हतं. कुणी बोलतही नव्हतं म्हणा.

सोमवारी सकाळी चुलीपाशी भाभी माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या घावन उलटत उलटत हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘मी पण सही केली होती. २००३ मध्ये, माझ्या भावांना. आंब्याची बाग होती आमची. मला दोन बांगड्या केल्या आणि बिर्याणी घातली.’’ मग म्हणाल्या, ‘‘तुमच्या भाईंना तेव्हा फार राग आला होता. म्हणाले होते, तुझ्या भावांना अल्लाहचं भय नाही का?’’ त्यांनी पुढचा घावन घातला. मी विचारलं, ‘‘हे तुम्ही त्यांना आठवण करून दिलंत का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘रात्री दिली.’’

आपाशी मात्र बोलणं कठीण. ती बोलतच नाही. अब्बांची शेवटची चार वर्षं अंथरुणात गेली. डोंगरावर माणूस आजारी पडला म्हणजे काय, हे डोंगरावरच्यालाच माहीत. अब्बांना दोनदा खुर्चीत बसवून चौघांनी दस्तुरीपर्यंत नेलं, तिथून गाडीनं खाली. दोन्ही वेळा आपा पावसात खुर्चीबरोबर चालत गेली, छत्री त्यांच्या डोक्यावर धरून. तिची रात्रीची उठबस, धुणी, बेडपॅन, यांचा हिशेब कुठल्याच हिस्स्यात बसत नाही. भाईच्या पैशाचा हिशेब निदान विचारता तरी येतो. मी तिला एकटीला गाठून म्हटलं, ‘‘तुला काय हवंय ते सांग, बाकी मी बघते.’’ बराच वेळ ती शेगडीतले निखारे हलवत राहिली. मग म्हणाली, ‘‘मला कागदावर नाव पाहिजे. राहायला तर मी राहीनच. पण नाव पाहिजे. आजपर्यंत माझं नाव फक्त रेशन कार्डावर आहे, तेपण खालच्या ओळीत.’’

तिचं हे वाक्य मी भाईला जसंच्या तसं सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही. मंगळवारी कर्जतला कुणी गेलं नाही. सांगितलेल्या गाडीवाल्याला त्यानं फोन करून नको म्हणून कळवलं, आणि कोसळत्या पावसात नातवंडांना घेऊन तो कबरस्तानात अब्बांच्या कबरीवर फातेहा पढायला गेला. तासाभरानं तिघे चिंब भिजून आले. आपानं तिघांचेही कपडे टोपलीवर घातले.

उरलेले दिवस कागदाचा विषय कुणी काढला नाही. वातावरण निवळलं होतं असं मी म्हणणार नाही. धाकटा भाऊ माझ्याशी जरा तुटकच होता. त्याचं म्हणणं, हे सगळं फोनवर आधी बोलायला हवं होतं, भाईला सगळ्यांसमोर अडवायला नको होतं. असेल. पण कागदही सगळ्यांसमोरच निघाला होता. जाण्याच्या आदल्या रात्री अम्मीनं खिचडा केला. बॅगा वजनकाट्यावर टांगून झाल्या. तीस किलोत काय बसतं आणि काय नाही यावर दर वर्षीची वादावादी झाली. सुका बोंबील प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध गेला. पहाटे हमाल आले. दस्तुरीला ओझी वाहणाऱ्यांत बायकाही असतात. त्यांतली एक भाईची मोठी बॅग डोक्यावर घेऊन धुक्यात सरळ चालू लागली, तेव्हा कुवेतची नात आईला विचारत होती की या आंटी पडत कशा नाहीत. अम्मीनं एकेकाच्या दंडाला इमाम जामिनचा रुपया बांधला. भाई तिच्यापुढे वाकला तेव्हा ती फक्त म्हणाली, ‘‘पोचल्यावर फोन कर. आणि इमारतीला जिना कुठं कुठं हाय ते बघून ठेव.’’

सप्टेंबरच्या शेवटी भाईचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखा, कामाचा. म्हणाला, ‘‘वारस नोंदीचा अर्ज कर. सगळ्यांची नावं घाल. हिस्से तुझ्या वहीतलेच. आपा हयात आहे तोवर पुढची खोली तिची, असं वेगळं लिहून घ्यायचं.’’ मग म्हणाला, ‘‘आणि मागच्या खोल्यांचा विषय पुन्हा काढू नकोस. ते मी अब्बांना दिलं होतं.’’ मी हो म्हटलं. धाकटीनं मात्र तिचा हिस्सा आपाला द्यायचं ठरवलंय. माहेर राहावं म्हणून नव्हे, असं ती बजावून सांगते. तिला खरंच द्यायचाय म्हणून. आधी तिचं नाव लागू दे, मग काय द्यायचं ते दे, असं मी तिला सांगितलंय.

दोघा भावांची मुखत्यारपत्रं तिकडच्या भारतीय वकिलातींतून साक्षांकित होऊन यायला हिवाळा उजाडला. कचेरीच्या चार खेपा झाल्या, अजूनही होतील. दरम्यान २०२५ च्या मे महिन्यात पावसाआधी घराला ताडपत्री आणि झापं नवी बांधायची होती. मजुरीसकट सोळा हजार खर्च आला. इतकी वर्षं हा खर्च भाई गुपचूप पाठवायचा. या वेळी आपानंच सगळ्यांना फोन करून हिशेब सांगितला: भावांचे चार-चार हजार, बहिणींचे दोन-दोन. अम्मीला कुणी काही मागितलं नव्हतं. तिनं पदराची गाठ सोडली, पाचशेच्या चार नोटा मोजल्या आणि आपाच्या हातावर ठेवून म्हणाली, ‘‘माझाबी आठवा हाय ना त्यात?’’